सोळातला सहा

माझा मामा शाळेत गणित शिकवतो. मुलं त्याला पाठीमागे ‘पायरीमास्तर’ म्हणतात. एकदा कुणीतरी फळ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. मामाने ते पुसलं नाही. खाली फक्त ‘कशावरून? पायऱ्या दाखवा’ असं लिहिलं आणि तास सुरू केला. नाव त्याला शोभतं. उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, तर त्याच्याकडे निम्मेच गुण. पालक भांडायला येतात. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “उत्तर काय हो, शेजारच्या बाकावरही मिळतं.”

अपूर्णांकांवर त्याचा विशेष जीव. वर अंश, खाली छेद, दोघांनाही भाग जाईल अशी एक संख्या शोधायची, दोघांनाही तिने भागायचं, आणि असं करत करत आणखी लहान होत नाही तिथवर जायचं. एवढीशी गोष्ट. पण ती शिकवायला हा माणूस आठवडा घालवतो. मुलांकडून कागदाच्या पट्ट्या दुमडून घेतो, रंगवून घेतो. त्याच्या वर्गात काट मारायची परवानगी काढावी लागते. मुलाने पेन टेकवलं की मागून आवाज येतो, “कितीने?” मूल म्हणतं, “सर, पाचाने.” मग काट. कितीने ते सांगता आलं नाही तर पेन खाली. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे सगळं गणित विसरतात, पण हे ‘कितीने?’ विसरत नाहीत. माझ्या दुकानात केस कापायला येतात त्यांच्याकडून मी ते ऐकलेलं आहे. माझं स्वतःचं आणि गणिताचं कधी जमलं नाही. केस कापताना अर्ध्याच्या पुढे जावं लागत नाही, हे माझं नशीब.

आई त्याची मोठी बहीण. ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करते. तिथली जमीन कायम ओली, मशिनची घरघर अशी की बायका एकमेकींशी ओठांच्या हालचालींवरून बोलतात, आणि पूर्ण पाळीभर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. त्या मोठ्या खोलीच्या टोकाला काचेची केबिन आहे. तिच्यात एक टेबल आणि एक खुर्ची. त्या खुर्चीवर इन्चार्ज बाई बसायच्या. त्या निवृत्त होणार असं कळलं तेव्हा साहेबांनी आईला बोलावून सांगितलं, “तुमच्याइतकं जुनं इथे कुणी नाही. पण त्या जागेला शालान्त परीक्षा लागते, माझा इलाज नाही.”

आईचे गुडघे तोवर पार कामातून गेले होते. घरी आली की ती आधी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि मग आमच्याशी बोलायची. ती खुर्ची तिला मानासाठी नको होती, बसण्यासाठी हवी होती.

आई शाळेतून निघाली तेव्हा वर्गात अपूर्णांक सुरू व्हायचे होते. आजी अंथरुणाला खिळली, मामा लहान, घर कुणीतरी सांभाळायला हवं होतं. आईला विचारलं तर सांगते, “मलाच शाळेचा कंटाळा आला होता.” ही शुद्ध थाप आहे. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही ही बाई. मामाला पहिले आकडे तिनेच शिकवले, शिवणाच्या डब्यातली बटणं मांडून. पुढे तो शिकत गेला आणि ती बटणं शिवत राहिली, असं आमची मामी एकदा बोलून गेली होती. मामाला ते लागलं होतं.

तर आई बाहेरून परीक्षेला बसली. बाकीचे विषय तिने पहिल्याच खेपेला काढले. राहिलं गणित. घरात गणिताचा मास्तर असताना शिकवणी कशाला लावायची? मामाच म्हणाला, “ताई, मी येतो संध्याकाळी. तू अजिबात घाबरू नकोस.”

आणि तो आला, खोटं कशाला बोलू. शाळा सुटली की यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, चहा घ्यायचा. बेरजा, गुणाकार, भागाकार आईने असे उचलले की मलाच लाज वाटली. फक्त तिला एक खोड. ती दर दोन मिनिटांनी “का?” विचारायची. इथला हातचा तिकडे का, याने गुणलं तर त्याने का नाही. वर्गात कुणी असं विचारलं असतं तर मामा हरखून गेला असता. इथे मात्र दिवसभराचा शिणलेला माणूस, समोर बहीण, आणि बहिणीला लागणार किती, तर पास होण्यापुरतं. तो म्हणायचा, “का-बिका सोड गं. असं करायचं, एवढं लक्षात ठेव.”

अपूर्णांकांची वेळ आली त्या संध्याकाळी मामाचा मित्रांबरोबर पत्त्यांचा डाव ठरलेला होता. तो आला तोच घड्याळाकडे बघत. कागदाच्या पट्ट्या नाहीत, रंग नाहीत. त्याने वीस छेद पन्नास लिहिले, वरचं शून्य खोडलं, खालचं शून्य खोडलं. “झाले दोन छेद पाच. वर-खाली सारखं दिसलं की काट मारायची.”

“का पण?” आई म्हणाली.

“परीक्षेत कुणी विचारणार नाही तुला का म्हणून. मार, मार काट.”

आईने तीस छेद सत्तर सोडवलं, चाळीस छेद नव्वद सोडवलं. सगळी शून्यं पटापट गेली. मग मामाने उठता उठता शेवटचं म्हणून सोळा छेद चौसष्ट लिहून दिलं आणि चप्पल शोधायला गेला. आईने क्षणभर बघितलं. वर सोळात सहा, खाली चौसष्टात सहा. सारखं दिसतंय. तिने दोन्ही सहा खोडले. उरलं एक छेद चार.

मामाने दारातून मान लांब करून उत्तर बघितलं. एक छेद चार. बरोबर. आता हे उत्तर असं बरोबर येणं म्हणजे लागलेली लॉटरी. सोळाने दोघांना भागलं तरी एक छेद चारच येतं, आणि सहा खोडले तरी योगायोगाने तेच. जन्मभर पोरांच्या पायऱ्या तपासणाऱ्या माणसाने त्या दिवशी फक्त उत्तर पाहिलं. “शाबास, ताई!” तो म्हणाला, टेबलाशी येऊन लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि गेला. पुन्हा शिकवायला आला नाही. फोन करून म्हणाला, “तुला आलंय सगळं. आता नुसता सराव कर.”

सराव तिने केला. किती केला ते मला विचारा! पुस्तकाच्या मागे उत्तरं असतात, पण ते पुस्तक होतं लॉन्ड्रीतल्या कुणाच्या तरी मुलीचं, आणि त्याची शेवटची पानं केव्हाच फाटून गेली होती. त्यामुळे पडताळायचं कशाशी? तिच्याजवळ पडताळायला होतं ते मामाचं शाबास.

परीक्षा झाली त्या दिवशी मामा-मामी आमच्याकडे आले. आई अशी खुलली होती की मी तिला कितीतरी वर्षांनी तशी पाहिली. “एकही प्रश्न सोडला नाही,” ती म्हणाली. “अपूर्णांक तर चुटकीसरशी. तू म्हणालास तसंच, काटत गेले.”

“काय काय होतं?” मामाने बिस्किट चहात बुडवत विचारलं.

“पंधरा छेद पंचवीस. पाच-पाच गेले, एक छेद दोन.”

बिस्किट चहात पडलं. मामाने ते काढलं नाही.

“मग अठरा छेद सत्तावीस. त्यात काटायला काही नव्हतंच, म्हणून तसंच ठेवलं. आणि चोवीस छेद बेचाळीस. त्यात दोन पण गेला, चार पण गेला. काही उरलंच नाही. मी शून्य लिहिलं.”

मला त्यात काही वावगं दिसलं नाही, माझं गणित असंच. पण मामाचा चेहरा मी पाहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गुणोत्तर, टक्केवारी, सगळीकडे अपूर्णांक घुसलेले असतात, आणि सगळीकडे आईने हीच कात्री चालवलेली. त्याने तिथल्या तिथे मनात पेपर तपासला असणार. आई विचारत होती, “बरोबर ना रे?” तो म्हणाला, “निकाल लागू दे, ताई. बघू.” आणि मामीला घेऊन चहा अर्धा टाकून निघाला.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते मला मामीकडून कळलं. पत्त्यांना जाणं बंद. जेवताना हात ताटात तसाच. वर्गात अपूर्णांकांचाच धडा चालू होता. एक मुलगा फळ्याशी आला, त्याने न विचारता काट मारली, आणि मामा “कितीने?” म्हणायला गेला तर त्याचा आवाजच फुटेना. मुलं हसली. त्या दिवशी घरी येऊन तो मामीला म्हणाला, “परक्याच्या पोरांना आठवडा देतो मी. ताईला एक संध्याकाळ दिली, तीही घड्याळाकडे बघत.” मामी तोंडावर बोलणारी. म्हणाली, “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला काय सांगताय, त्यांना सांगा.”

सांगायलाच तो दोनदा आला होता आमच्याकडे. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा बसून राहिला. हवापाण्याचं बोलला, माझ्या दुकानाच्या पाटीचा रंग उडालाय म्हणाला. आई समोर बसून एक गादी शिवत होती. खुर्चीवर घालायची चौकोनी गादी. लॉन्ड्रीतून बाद झालेल्या चादरीचं कापड, आत जुनी लोकर, चार कोपऱ्यांना बांधायच्या नाड्या. “ती खुर्ची फार कडक आहे रे,” ती म्हणाली. “आधीच्या बाई कशा बसायच्या कोण जाणे.” मामा उठला आणि गेला. मला त्याचा राग येत होता. काय झालंय ते तोवर माझ्याही कानावर आलं होतं, आणि मी त्याला दारात गाठून म्हटलंसुद्धा, “मामा, तू सांगतोस की मी सांगू?” तो म्हणाला, “मीच सांगणार. माझ्याशिवाय कुणी सांगायचं नाही.”

एके दिवशी आई डबा घरीच विसरली म्हणून मी तो द्यायला लॉन्ड्रीत गेले, तर मामा दाराशी उभा. शाळेतून अर्धी रजा टाकून आला होता. आईला दोघं एकदम दिसल्यावर कोण आनंद! जेवणाची सुट्टी होती, केबिन रिकामी होती. तिने आम्हाला तिथेच नेलं. काचेचं दार लावलं की मशिनचा आवाज एकदम बंद. “बघा, बोललेलं ऐकू येतं इथे,” ती म्हणाली. मग मामाला, “बस ना खुर्चीवर. बघ कशी आहे.”

मामा बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, तू नापास होणार आहेस. आणि ते माझ्यामुळे.”

आई हसली. तिला थट्टा वाटली. मग नाही वाटली.

मामाने सगळं सांगितलं. टेबलावर पडलेल्या पाठकोऱ्या कागदावर सोळा छेद चौसष्ट लिहिलं. “सोळातला सहा सुटा नसतो, ताई. दहा आणि सहा मिळून सोळा. त्यातला नुसता सहा उचलून फेकता येत नाही. वर-खाली एकाच संख्येने भागायचं असतं. शून्य जातं ते दहाने भागलं म्हणून जातं. सारखं दिसलं म्हणून नाही.”

आईने कागद स्वतःकडे ओढला.  मग म्हणाली, “चोवीस छेद बेचाळीसला शून्य लिहिताना माझा हात अडला होता. म्हटलं, एवढे आकडे होते, मग काहीच कसं उरलं नाही? पण तू शाबास म्हणाला होतास.”

तिने वर मामाकडे बघितलं.

“शाळेत पोरांना असंच शिकवतोस?”

“नाही.”

“मग मला का?”

या ‘का’ला ‘सोड गं’ म्हणण्याची सोय नव्हती. मामा म्हणाला, “मला वाटलं, तुला तेवढं पुरे.” आणि हे बोलल्यावर तो लहान मुलासारखा रडला. आईने त्याला जवळ घेतलं नाही. मीही नाही. तिने माझ्या हातातला डबा घेतला, केबिनचं दार उघडलं, आणि सगळा आवाज पुन्हा आत आला.

निकाल लागला. आई गणितात नापास झाली. ती खुर्ची तिच्याच टेबलावर घड्या घालणाऱ्या एका तरुण बाईला मिळाली, जिला कामाची सवय व्हायला अजून वेळ होता पण जिच्याकडे शालान्त परीक्षेचा कागद होता. त्या संध्याकाळी आई घरी आली, बादलीत पाय सोडले. मी विचारलं, “गादी कुठे ठेवलीस? दिसली नाही.”

“दिली तिला,” आई म्हणाली. “खुर्ची कडकच आहे.”

हे मी मामाला जाऊन सांगितलं. मुद्दाम सांगितलं. त्याला लागावं म्हणूनच सांगितलं, आणि लागलं. मामी म्हणते, तो कितीतरी वेळ जिन्यात बसून होता.

आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. सणकी नाही ती, पण दुखावली की मुकी होते. मामा मात्र यायचा. दारात उभा राहायचा, “येऊ?” म्हणायचा, ती काही बोलायची नाही, तो परत जायचा. असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “कागदाच्या पट्ट्या आणल्यास?”

मामाच्या पिशवीत होत्या. रोजच असणार.

“आता कशाला, आई?” मी म्हटलं. “खुर्ची तर गेली.”

“खुर्ची गेली म्हणून काट का मारायची ते कळायचं नाही का मला?” ती माझ्यावरच खेकसली. “शाळा सुटली तेव्हापासून अडलंय ते.”

मामाने आठवडा घेतला. पुरा. पट्ट्या दुमडल्या, रंगवल्या, आणि आईने “का?” विचारलं की पेन ठेवून दर वेळी नव्याने सांगितलं. पण त्या आठवड्यात तो एकदाही टेबलाशी बसला नाही. “बस की रे,” आई म्हणायची. “वर्गात उभं राहायची सवय आहे, ताई,” तो म्हणायचा. संध्याकाळभर उभा. जाताना जिना उतरायचा तेव्हा कठडा धरून उतरायचा.

शेवटच्या दिवशी आईने आपणहून कागदावर सोळा छेद चौसष्ट लिहिलं. पेन टेकवलं, थांबली आणि स्वतःलाच विचारलं, “कितीने? दोनाने.” आठ छेद बत्तीस. “पुन्हा दोनाने.” चार छेद सोळा. मग दोन छेद आठ. मग एक छेद चार. पाच ओळी एकाखाली एक, चादरींच्या घड्यांसारख्या नीट.

तिने उत्तराकडे बघितलं. “तेच आलं की रे.”

“तेच आलं, ताई.”

“मग आता म्हण शाबास.”

मामाने तोंड उघडलं. ओठ हलले, लॉन्ड्रीतल्या बायकांसारखे नुसतेच.  आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग हात लांब करून त्याच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि बरोबरची खूण तिची तिने केली.